रजिस्टरमधील आकडा आणि त्याचा अर्थ

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील यंत्रमागांच्या वीजमीटरवरून मॉडबस टीसीपीने (यंत्रांतील आकडे नेटवर्कवरून वाचण्याच्या पद्धतीने) वाचलेली विजेची वारंवारिता ५० हर्ट्झऐवजी जवळजवळ शून्य का येते, या आपल्या प्रश्नाला जोडून थोडे लिहितो.

मॉडबसचे प्रत्येक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवण्याचा कप्पा, १६ बिटांचे असते आणि दशांश संख्येला सहसा ३२ बिट लागतात, म्हणून ती दोन रजिस्टरांत विभागली जाते; मात्र त्यांपैकी कोणते आधी यावे हे १९७९ पासूनच्या या प्रोटोकॉलने ठरवून दिलेले नाही. ५०.० ही संख्या १६९६८ आणि ० अशा जोडीत बसते. हीच जोडी उलटी वाचली की उत्तर इतके सूक्ष्म येते की पडद्यावर शून्यच दिसते. मीटर बहुधा ठीक असावा, वाचनाचा क्रम बदलून पाहावा. मीटरच्या पुस्तिकेतील ४०००१ हा रजिस्टर क्रमांक प्रत्यक्ष संदेशात पत्ता ० म्हणून जातो, तेही तपासावे.

माझा आग्रह असा, की आपल्या एपीआयने (इतर प्रणालींना हे आकडे पुरवणाऱ्या दुव्याने) जेसनमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरावीक मजकूर-मांडणीत, नुसता आकडा न देता त्यासोबत एकक, मूळ रजिस्टरे आणि +०५:३० या भारतीय वेळेच्या खुणेसह वेळ द्यावी, आणि वाचन अयशस्वी झाल्यास शून्य कदापि पाठवू नये, कारण बंद माग आणि तुटलेली तार यांतला फरक मग कोणालाच कळत नाही.

मूळ मॉडबस टीसीपीत ओळख पटवण्याची सोयच नाही. त्यामुळे त्याचे ५०२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील प्रवेशद्वार, इंटरनेटवर उघडे ठेवू नये.