न्यूयॉर्कमार्गे कॅनडा: स्टडी परमिटचं काय?

कॅनडात शिकायला निघालेल्या कुणीतरी म्हटलंय, "कॅनडाचा व्हिसा आहे, न्यूयॉर्कला नुसतं विमान बदलायचंय, अमेरिकेचा व्हिसा कशाला?" लागतो! अमेरिकेत इमिग्रेशन न करता ट्रान्झिटची सोयच नाही. भारतीय पासपोर्टवर सी-१ (ट्रान्झिट व्हिसा) किंवा बी-१/बी-२ (कामासाठी/फिरायला येणाऱ्यांचा व्हिसा) हवाच. न्यूयॉर्कला मामाकडे वगैरे चार दिवस राहायचं असेल तर सी-१ चालत नाही, बी-२ घ्या.

बफेलोहून (कॅनडाच्या सीमेजवळचं अमेरिकन शहर) बसने कॅनडात जाणार असाल तर खरी मेख सीमेवर आहे. तुमच्याकडचं पोर्ट ऑफ एंट्री लेटर (अर्ज मंजूर झाल्याचं पत्र) म्हणजे स्टडी परमिट, म्हणजे कॅनडात शिकायचा परवाना, नव्हे. परमिट तिथला अधिकारी छापून देतो. "स्टडी परमिट घ्यायचंय" असं स्वतःहून सांगा, नाहीतर व्हिजिटर म्हणून आत सोडतील. पूर्वी अशी चूक सीमेवर परत जाऊन निस्तरता यायची, पण २३ डिसेंबर २०२४ पासून हे असं बाहेर जाऊन लगेच परत येणं, म्हणजे फ्लॅगपोलिंग, बंद आहे. पत्र, कॉलेजचं प्रवेशपत्र आणि पैशांचे पुरावे हातातल्या पिशवीत ठेवा. बसच्या पोटातल्या बॅगेत नकोत. वेळ लागला तर बस थांबेलच असं नाही, म्हणून पुढचं तिकीट सैल ठेवा.

खिडकीवरून हलण्याआधी परमिटवरचं नाव, मुदत आणि कामाच्या परवानगीची ओळ वाचा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर परमिटही तिथेच संपतं, त्यामुळे नूतनीकरण निघण्याआधीच उरका.