मदत हवी आहे: मेंदूला मार लागल्यानंतर कविता लिहिणाऱ्या भावासाठी

नमस्कार मंडळी. दुचाकीच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूला डाव्या बाजूला मार बसला. बहुतेकांचं भाषेचं केंद्र तिथंच असतं. त्याला समोरच्याचं बरंचसं कळतं, पण बोलायला गेला की शब्द अडतो. डॉक्टर याला अफेझिया म्हणतात. हरिपाठ मात्र आईबरोबर न अडखळता म्हणतो. पाठ असलेलं, चालीतलं बरेचदा शाबूत राहतं.

उजवा हात लुळा आहे, म्हणून डाव्या हातानं वहीत लिहितो: 'ग्लास. पाणी. नाव कुठं? तहान इथं.' क्रियापदं गळतात, पण मला या ओळी फार खऱ्या वाटतात. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांची वाचा १९९०च्या पक्षाघातात गेली, तरी कविता सुटली नाही आणि २०११ मध्ये नोबेल मिळालं, हे ऐकल्यापासून तो जास्तच नेटानं लिहितोय.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? त्याच्या ओळी दुरुस्त कराव्यात की तशाच ठेवाव्यात? घरात यावरून रोज वाद होतो. कवितेचा उपयोग करून घेणारे, मराठीतून शिकवणारे स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर कृपया सांगा. तो लवकर थकतो, त्यामुळे ऑनलाइन आणि थोडा थोडा वेळ घेणारे असतील तर फारच बरं.