नवरा पुरुष, बायको ट्रान्सजेंडर: लग्नाची नोंद नेमकी कशी करायची?

प्रश्न (कोथरूडकर): मुलगा पुण्याचा, मुलगी ट्रान्स स्त्री, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. दोघंही हिंदू, पंचविशीच्या पुढचे. तिची शस्त्रक्रिया झाली आहे, जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आहे, पण त्यावर 'ट्रान्सजेंडर' लिहिलंय. आधारवर नवं नाव, शाळेच्या दाखल्यावर जुनं. कोर्ट मॅरेज बरं की विधी करून नोंद? गावी इतक्यात कळायला नको.

दप्तरी: गावी कळायला नको असेल तर कोर्ट मॅरेज विसरा. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर 30 दिवस लावली जाते. लोक विसरतात ते कलम 6: कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. म्हणजे पुण्यात अर्ज केला तरी साताऱ्यात फलकावर नाव.

दोघंही हिंदू आहेत, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न लावा, त्यात नोटीस नाही. मग राज्याच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली 90 दिवसांत ज्ञापन (लग्नाच्या नोंदीचा ठरलेला अर्ज) द्या. तीन साक्षीदार लागतात, भटजींची सहीही लागते. मात्र विधी खरोखर करा, फोटो ठेवा. विधी न करता नुसता दाखला काढला तर ते हिंदू विवाह ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केलंय.

शिक्का_मोर्तब: आधी कागद जुळवा, तारीख नंतर. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यातल्या कलम 7 खाली, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडून सुधारित प्रमाणपत्र मागा. त्यावर 'स्त्री' येतं. मग नावबदल राजपत्रात, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. ज्ञापनात वधूचं नाव आधारप्रमाणे, अक्षर न अक्षर. इथे काना-मात्रा चुकला की पुढे पासपोर्टला बायकोचं नाव घालताना रखडता. सुधारित प्रमाणपत्राशिवाय नोंद होणारच नाही, हे धरून चाला.

कलम_226: शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. ते प्रमाणपत्र असलं तर खिडकीवरचा वाद टळतो, एवढंच. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल 2019 मध्ये हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' या शब्दात ट्रान्स स्त्री येते असं ठरवून नोंदणीचा आदेश दिला. तो महाराष्ट्रात बंधनकारक नाही, नुसता दाखवण्यापुरता. बंधनकारक आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा 17 ऑक्टोबर 2023 चा निकाल. समलिंगी विवाहाला नकार मिळाला म्हणून सगळे तोच लक्षात ठेवतात, पण त्याच निकालात ट्रान्स व्यक्तीला स्त्री-पुरुष नात्यात चालू कायद्यांनुसार लग्नाचा हक्क आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. तेवढी पानं छापून न्या. तरी "दोन पुरुषांचं लग्न होत नाही" असं ऐकवलं तर नकार लेखी मागा. तोंडी नकारावर उच्च न्यायालयात रिट (कार्यालयाविरुद्धची याचिका) उभी करणं अवघड जातं.

कोथरूडकर: आणि पुढे बिनसलं तर तिला काय संरक्षण?

कलम_226: मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये, शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते आणि पोटगीही मिळू शकते, असं म्हटलंय. त्या खटल्यात शस्त्रक्रियेचा मुद्दा होता, तेव्हा रुग्णालयाचे कागद सांभाळून ठेवा.

दप्तरी: मूल दत्तक घ्यायचा विचार असेल तर नोंद लांबवू नका. जोडप्याला लग्नाची किमान दोन वर्षं दाखवावी लागतात, आणि पुरावा म्हणून हाच दाखला पुढे करावा लागतो.