मदत हवी आहे : फुटपाथवरचे खांब, आईची व्हीलचेअर आणि एक झाड

नमस्कार मंडळी. परळला आमच्या बिल्डिंगपासून बस स्टॉप जेमतेम दोनशे पावलांवर, पण आईला व्हीलचेअरवरून तिथवर नेणं म्हणजे दिव्य. बाइकवाल्यांना अडवायला फुटपाथच्या तोंडाशी स्टीलचे खांब ठोकलेत. टेपने मोजलं: फट ५८ सेंटिमीटर, खुर्ची ६५. बाइकवाले काय, पुढे जाऊन फळी टाकून चढतातच!

पालिकेकडे तक्रार केली तर उत्तर आलं, "जागा हवी तर पुढचं झाड काढावं लागेल." जुना रेन ट्री आहे, बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं. आई म्हणाली, मग राहू दे, सावली जायला नको. पण खांबांचा आणि झाडाचा संबंध काय?

इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था; तिच्या निकषांत फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी वाट सांगितली आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष कायदा, दोन्हींचा आधार घेऊन एकच अर्ज करावा की वेगवेगळे? कुणी असे खांब हलवून घेतलेत का? अर्जाचा मसुदा असेल तर पाठवा. वीसेक सह्या मिळतील. सोसायटीतले दोघे मात्र म्हणतायत, झाड गेलं तर पार्किंगला बरं. त्यांना काय सांगू?