सी विंग ग्रुप: गिझर गेला, आता बिनटाकीचा घेऊ का?

सी-४०३: नमस्कार सगळ्यांना 🙏 आमचा २५ लिटरचा गिझर शेवटी गेला, काल रात्रीपासून बुडातून टपटप चालू होतं आणि सकाळी बाथरूममधे तळं. सात वर्षं झाली त्याला. आता टाकीवाला नकोच असं चाललंय घरात, नळ सोडला की लगेच गरम येतं तसला इन्स्टंट नाहीतर गॅसवाला घ्यावा. कुणाकडे आहे का? कुठे बसवला, खर्च किती येतो, सगळं सांगा प्लीज. आईला पहाटे साडेपाचला आंघोळ लागते आणि मला पाचला उठून बटण दाबणं आता होत नाहीये 😀

सी-१०२: आमच्याकडे गॅसवाला आहे चार वर्षं. एकदम भारी. मिनिटाला ६ लिटरवाला, ड्राय बाल्कनीत लावलाय. नळ सोडला की टिकटिकटिक वाजतं आणि भप्पकन पेटतो. दोन मोठे सेल लागतात फक्त. गणपतीत बारा जणांच्या आंघोळी सलग झाल्या, कुणाला थांबावं लागलं नाही

सी-४०३: सिलिंडर किती जातो दादा?

सी-१०२: ते २०४ काका सांगतील 😄

सी-२०४: केलाच आहे हिशोब. १८ लिटरची बादली २० डिग्रीवरून ४५ ला न्यायला विजेवर अर्धा युनिट, गॅसवर साधारण ५० ग्रॅम. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमधे पावणेतीनशे बादल्या. युनिट १० रुपये आणि सिलिंडर ९०० धरला तर बादलीला विजेचे पाच, गॅसचे सव्वातीन. पण ताई, दुकानात इन्स्टंट म्हणून ३ लिटरचा देतात ना, तो बिनटाकीचा नाहीच, आत ३ लिटरची टाकीच असते. पहिले दोन-तीन तांबे कडक, मग कोमट. ३ किलोवॅटचा हीटर मिनिटाला ३ लिटर पाणी जेमतेम १४ डिग्री तापवतो. किचनच्या सिंकला ठीक आहे, आंघोळीला नाही. खरोखर शॉवर चालेल असा विजेवरचा हवा तर १०-११ किलोवॅट लागतात, म्हणजे ४५ अँपिअर. लाईट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते आधी बघा. जर्मनीत मुलाकडे तसला आहे, २१ किलोवॅट, थ्री फेज

सी-३०१: काका मुलगा जर्मनीत असतो हे आम्हाला माहितीये 😄😄

सी-३०३: रॅम्पवर पांढरी स्कूटी कोणाची आहे?? टँकर आत येत नाहीये

सी-३०२: पैशाचं राहू दे बाजूला. गॅसवाला घेशील तर बाथरूमच्या आत अजिबात लावू नकोस गं. माझ्या नाशिकच्या नणंदेकडे आतच होता. थंडी म्हणून खिडकीच्या काचा लावलेल्या, लेक आंघोळीला गेली, अर्धा तास झाला तरी बाहेर येईना, हाक मारली तर ओ नाही. दार तोडलं. वाचली पोरगी, पण दोन दिवस ऑक्सिजनवर होती. आणि घरात कुणालाही कसलाही वास आला नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही

सी-१०४: काकू वास येणारच नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण तोच गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वासही नाही आणि रंगही नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालंय, आणि मग कडी काढायला हातच उचलत नाही

सी-३०२: अगदी हेच. कडीशीच पडली होती ती

सी-१०२: म्हणून तर आम्ही बाहेर लावलाय. ड्राय बाल्कनीत टेन्शन नाही

सी-१०४: दादा तुमच्या ड्राय बाल्कनीला मागच्या दिवाळीत स्लायडिंग बसवलं ना?

सी-१०२: हो, कबुतरांमुळे

सी-१०४: मग ती बाल्कनी राहिली नाही, खोली झाली. आणि तिचं दार किचनमधे उघडतं

सी-१०२: काच उघडी असते बऱ्याचदा

सी-१०४: आणि डिसेंबरात?

सी-१०२: बघतो

सेक्रेटरी: ड्राय बाल्कनी बंद करू नका हे मी तीन वर्षं सांगतोय, दर वेळी उत्तर एकच, बाकीच्यांनीपण केलंय. असो. स्कूटीवाल्यांनी कृपया खाली यावे

सी-४०३: बापरे. आमची पण बंदच आहे आणि त्यात वॉशिंग मशीन

सी-२०४: ४०३, तुमचा अजून एक घोळ आहे. गॅसवाला पेटायला पाण्याला जोर लागतो. टाकीपासून दहा मीटर खाली गेलात की साधारण १ बार दाब मिळतो. १०२ ला तेवढा सहज आहे, तुमच्या डोक्यावरच टाकी. एक काम करा, १० लिटरची बादली लावा, गरमचा नळ पूर्ण सोडा आणि मोबाईलवर वेळ बघा

सी-४०३: ३ मिनिटं ४० सेकंद 😐

सी-२०४: म्हणजे मिनिटाला पावणेतीन लिटरसुद्धा नाही. कसाबसा पेटेल, पण मिक्सरला गार पाणी थोडं जास्त सोडलंत की गरमची धार कमी होऊन विझेल. डोक्याला शाम्पू लावलेला असताना. प्रेशर पंप बसवला तर गोष्ट वेगळी. नाहीतर ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट, एवढ्या बारीक धारेला तो २३-२४ डिग्री वाढवेल. पण २० अँपिअर खाणार, तुमच्या १६ च्या प्लगला लावायचा नाही, डीबीपासून म्हणजे घराच्या मेन बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर मिमीची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), अर्थिंग तपासून. आणि बादली भरायला सहा-सात मिनिटं तशीच

सी-३०१: ताई एक विचारू का, बटण दाबायचाच प्रश्न आहे ना? मग १५ लिटरचा साधा घ्या आणि गिझरचा टायमर लावा की. आमच्याकडे आहे. पाचला चालू, सव्वापाचला बंद

सी-४०३: …

सी-४०३: असं असतं होय?

सी-२०४: बरोबर बोलली ती. १५ लिटर, २ किलोवॅट, पंधरा मिनिटांत पाणी २८ डिग्रीने वर. आहे त्या वायरिंगवर चालेल. टायमर मात्र १६ अँपिअरचाच बघा. आधी बटणाचं नीट वाचायला हवं होतं मी

सी-४०३: आईला विचारलं. म्हणाली टाकीवालाच बरा, त्या टिकटिकीने देवपूजेत लक्ष लागायचं नाही 😂 रविवारी माणूस येतोय बसवायला

सेक्रेटरी: ड्रिलिंग दुपारी २ ते ४ बंद

सी-२०४: जुना भंगारात द्यायच्या आधी त्याच माणसाकडून आतला मॅग्नेशियमचा रॉड काढून घ्या. मला बघायचाय

(रविवार)

सी-४०३: काका, काढला. रॉड कसला, नुसती तार उरलीये. त्याला पांढरा चुरा चिकटलाय, बोट लावलं की गळतो

सी-२०४: टाकीच्या पत्र्याऐवजी गंजून जायला तो घातलेला असतो. तो संपला की टाकीचा नंबर. आपलं टँकरचं पाणी क्षारांचं, रॉड लवकर संपतो, नव्याचा दर दोन वर्षांनी बघत जा

सी-३०३: आमचा नऊ वर्षांचा आहे 😳 त्या माणसाला खाली पाठवा ना

सी-१०२: आमच्या बाल्कनीची वरची काच काढायला फॅब्रिकेशनवाला शनिवारी येतोय. कबुतरांच्या जाळीवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे