पॉवर कंडिशनर लावला की विषय संपला? (कोकणवाल्यांसाठी)

जांभाकडा:
काल इथे एकाने लिहिलं, "गावच्या घरी पॉवर कंडिशनर लावा, लाईट कितीही नाचू दे, टीव्ही-होम थिएटर सेफ, वर आवाज पण मोकळा होतो." त्यावर बदामांचा पाऊस! राहवेना म्हणून लिहितोय. (पॉवर कंडिशनर म्हणजे सॉकेट आणि टीव्ही-अँप यांच्यामध्ये लावायची, वीज 'साफ' करून देणारी पेटी.) बाबांनो, आधी घराचं अर्थिंग बघा. त्या पेटीतला एमओव्ही (व्होल्टेज अचानक वाढलं की झटका वळवणारा छोटा भाग) काय करतो, जवळपास वीज पडली की तारेतून येणारा झटका बराचसा जमिनीकडे ढकलतो, आता जमिनीकडे जाणारी वायरच नसेल तर ढकलणार कुठे, तुमच्या टीव्हीतच ना? कित्येक घरांत सॉकेट तीन पिनेचं पण मागे हिरवी वायर नुसती लोंबकळतेय. जोडलेली असली तरी खाली जांभा, मे महिन्यात कातळ खडखडीत सुकलेला, पाईप खाऱ्या हवेने गंजून गेलेला, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात कोणी बादलीभर पाणी तरी ओततं का? आणि आवाज मोकळा म्हणे! अँपच्या आत आलेली वीज डीसी करणारा रेक्टिफायर आणि ती स्थिर करणारे एवढाले कपॅसिटर काय शोभेला बसवलेत?

बेसवाला:
पोस्ट माझीच. माझे पैसे, माझे कान, तुमचं पोट का दुखतंय? गेल्या पावसात वाडीचा न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला, शेजाऱ्यांचे टीव्ही, फ्रिज, पंखे सगळं उडालं, माझ्या पेटीने हाय व्होल्टेजला कट-ऑफ मारला आणि एक वस्तू गेली नाही. तेव्हा तुमचं अर्थिंग काय आरती ओवाळणार होतं?

जांभाकडा:
न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या जागी 400 पर्यंत येऊ शकतात, तिथे कट-ऑफच कामाचा, मान्य. नुसता एमओव्ही तर तेवढ्यात जळून जातो. पण तो कट-ऑफ वेगळाही मिळतो आणि बराच स्वस्त. 'कंडिशनर' या नावाचे जास्तीचे मोजलेत त्याबद्दल अभिनंदन.

वळेसर:
तुम्ही दोघे प्लगपाशीच अडकलात. आमच्याकडे प्लग काढलेला होता तरी सेटटॉप बॉक्स आणि टीव्हीचं एचडीएमआय दोन्ही गेलं. झटका आला डिशच्या केबलने, ती कोणी काढलीच नव्हती. आता ढग गडगडला की मी टेबलावर चढून बॉक्सच्या मागचा तो पेच पिळून काढते आणि सासूबाई खालून ओरडत असतात, "अगो, सीरियल संपू दे तरी!"

डबलबारी:
आमच्या भजनाच्या अँपाक भयंकर गुणगुण होती. प्लगाची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकली, गुणगुण गायब. ना कंडिशनर ना काय.

जांभाकडा:
ती पिन आजच्या आज परत लावा!! माईक बुवांच्या ओठाला टेकलेला असतो, अँपच्या बॉडीत करंट उतरला तर कुठे जाणार तो? गुणगुण बहुतेक ग्राउंड लूपची (जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला लागली की होते ती) आहे, ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

डबलबारी:
बरा, लावतंय. पण माका सांगा, गणपतीत आमचो अँप आरतीच्या टायमाकच का मान टाकता? चाकरमानी इले की घराघरात एसी सुरू, वाडीतलो पंखो फिरता काय थांबता तांच कळणा नाय.

ठाण्याचा मालवणी:
आलात का मूळ पदावर! वर्षातून एकदा येतो, पोरांना उकडतं, एसी लावला तर गुन्हा? ट्रान्सफॉर्मर लहान आहे तो मोठा करून घ्या ना, आम्हाला का बोलता?

डबलबारी:
अर्जावर सही करूक गावात कोण रवता? तुम्ही विसर्जन झाला की गाडी पकडतास.

ठाण्याचा मालवणी:
मंडपाला वर्गणी कोण देतं ते पण सांगा मग. आणि तुमच्या त्या हॅलोजनांना काय वीज लागत नाही?

बेसवाला:
अहो धागा टीव्हीचा आहे!

जांभाकडा:
टीव्हीला कमी व्होल्टेजचं फारसं सोयरसुतक नसतं, बहुतेकांवर मागे 100 ते 240 लिहिलेलंच असतं. मरतो तो फ्रिजचा कंप्रेसर. स्टॅबिलायझर त्याला लावा.

बेसवाला:
बघितलं, हिरवी वायर खरंच कुठे जोडलेली नाही. वायरमन सोमवारी येतोय. खूश? बेस मात्र सुधारलाय तो सुधारलाय.

ठाण्याचा मालवणी:
मी या वेळी एसी इन्व्हर्टरवाला आणतोय, वीज कमी खातो. आता तरी बोलू नका.

डबलबारी:
येवा, कोकण आपलाच असा. फक्त आरतीच्या टायमाक तो बंद ठेवा.