वासाला कुलूप-किल्लीची उपमा शोभते का?

रानवाट (ता. आर्वी):
वासाचा रेणू ही किल्ली आणि नाकातला ग्राही (रेणू टिपणारे प्रथिन) हे कुलूप, असे आठवीच्या वर्गात सांगून आम्ही शिक्षक मोकळे होतो. ही उपमा आता सोडावी, असे माझे मत आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये घ्राणग्राहींच्या जनुकांचे कुळ उजेडात आणले. त्यांपैकी माणसात चालू स्थितीत असलेली जनुके जेमतेम ४०० आहेत, पण आपण ओळखतो ते वास त्याहून कितीतरी अधिक. एकच रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक जागे करतो आणि कोणकोणते जागे झाले यावरून मेंदू वास ठरवतो. याला कुलूप कसे म्हणावे?

शेपूची जुडी:
घाई होते आहे, सर. पुदिना आणि शेपू यांच्या वासात कार्व्होन हाच रेणू आहे, फक्त एकातला दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. अणू तेच, बंध तेच, तरी वास निराळा, कारण डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसत नाही. आकार मोजला जातो, एवढे उपमेत खरेच आहे.

कोहळी तलाव:
आकारच सर्व काही असेल, तर डेकाबोरेन या बोरॉन-हायड्रोजनच्या संयुगाला गंधकासारखा वास का येतो? त्यात गंधक नाहीच. लुका ट्यूरिन यांनी १९९६ मध्ये मांडले की नाक रेणूची कंपने, म्हणजे त्यातल्या बंधांची थरथर, ओळखते.

शेपूची जुडी:
आरशातल्या जोडीची कंपने सारखीच असतात, मग पुदिना आणि शेपू वेगळे कसे? शिवाय अ‍ॅसिटोफेनोन या वासाच्या द्रव्यातील हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (हायड्रोजनचाच जड प्रकार) घातले की कंपने बदलतात, तरी २००४ च्या चाचणीत माणसांना फरक कळला नाही.

रानवाट:
कंपनांचे मलाही पटत नाही. माझा आक्षेप पुढचा आहे. रेणू बसताच ग्राही पेशीतल्या जी-प्रथिन या निरोप्या प्रथिनाला चेतवतो, त्यातून चक्रीय एएमपी हा संदेश नेणारा रेणू तयार होतो, पेशीच्या पडद्यातल्या वाहिन्या उघडतात, सोडियम-कॅल्शियम आत येते, क्लोराइड बाहेर जाते आणि संदेश निघतो. तेच कॅल्शियम मग वाहिन्यांची संवेदनशीलता घटवते. लाखांदूरकडे आजोळी पडवीत मोहफुले वाळत असत; पाहुणा दारातच थबके, घरच्यांना मात्र वास जाणवतही नसे. कुलूप असे थकत नाही.

शेपूची जुडी:
थकण्याचे मान्य. पण २०२३ मध्ये ओआर५१ई२ या ग्राहीची रचना प्रोपिओनेट या छोट्या मेदाम्लासह दिसली, त्यात रेणूसाठीचा खिसा अगदी लहान निघाला, आणि तो बदल घडवून मोठा केला तेव्हा अधिक लांब मेदाम्लांनाही तो प्रतिसाद देऊ लागला.

रानवाट:
म्हणजे खिसा म्हणा, कुलूप नको.